वालीवला जायचं नाही असा नियम नव्हता

चौतिसाव्या वर्षी मी जगातली सगळ्यात हुशार बाई होते. हे फक्त मलाच माहीत होतं, एवढीच त्यात अडचण.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही मुंबईतली एका खोलीची जागा सोडून नालासोपाऱ्याला आलो. पूर्वेला, तुळिंजला. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी. गॅलरी एवढीशी, की एक माणूस कपडे वाळत घालायला उभा राहिला तर दुसऱ्याने आतच थांबायचं. पण ती आमची स्वतःची होती, आणि पहिले सहा महिने मी तिथे काही काम नसताना उभी राहत असे. खालून कुणी ओळखीचं गेलं तर उगाच हात हलवत असे. ओळखीचं कुणी नव्हतंच, म्हणून अनोळखी माणसांनाही हलवला असेल.

नवरा सव्वासहाला घर सोडायचा, मुंबईतल्या ऑफिसला. मला वालीवला एका छोट्या कारखान्यात काम लागलं. औषधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनायची तिथे. मी हजेरी लिहायची, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, कुठला माल कुठे गेला ते वहीत उतरवायची. सांगण्यासारखं त्यात काही नाही. पण मला ते काम इतकं आवडायचं की रविवारी दुपारी झाकणांची आठवण यायची. हे मी कुणाला बोलले नव्हते. घरी मी 'संसाराला हातभार' म्हणायचे. ते ऐकायला बरं वाटतं.

प्रश्न मुलांचा होता. लेक सहावीत, धाकटा दुसरीत. दोघांची सकाळची एकच शाळा. ती साडेबाराला सुटायची आणि मी सहाला घरी पोचायची. मधला वेळ दोघं एकटी.

हा विषय निघाला तेव्हा सासूबाई कोकणातून आमच्याकडे आलेल्या होत्या. फरशीवर पाय पसरून तांदूळ निवडत होत्या.

"पोरांना कुलपात घालून झाकणं मोजायला जाणार तू?"

"कुलपात नाही हो आई. किल्ली त्यांच्याचकडे असणार. लेकीच्या गळ्यात."

"म्हणजे चोराला वेगळी करून घ्यायला नको."

नवरा पेपरात तोंड घालून बसला होता. या माणसाने आमच्या संसारातले सगळे मोठे निर्णय पेपरामागून घेतले आहेत. शेवटी निकाल सासूबाईंनीच दिला. "जा. पण पोरांचं एकदा जरी काही चुकलं, तर नोकरी बंद. शब्द दे." मी शब्द दिला. हुशार बाईला शब्द द्यायला काय जातंय!

मग मी कामाला लागले. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी चौदा नियम लिहिले आणि ते स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवले. नियम क्रमांक एक: आईबाबांपासून काही लपवायचं नाही. क्रमांक चार: जेवण झाल्यावर गॅसचा खटका पुन्हा बघायचा. (गॅस पेटवायचाच नव्हता, तरी बघायचा.) क्रमांक अकरा: नाक्यावरच्या पीसीओत जायचं नाही, तिथला माणूस पान थुंकतो. असे चौदा. मला वाटायचं, जगात मुलांच्या बाबतीत जे जे होऊ शकतं ते सगळं या चौदांत येऊन गेलं.

क्रमांक नऊ माझा लाडका होता. दारावरची बेल वाजली तर दार न उघडता आतून ओरडायचं, 'आई आंघोळीला गेलीय!' म्हणजे घरात मोठं माणूस नाही हे कुणाला कळायला नको. धाकट्याला हा नियम फार आवडला. मीटर बघायला आला, आई आंघोळीला. कुरिअरवाला, आई आंघोळीला. सोसायटीचे सेक्रेटरी दुपारी तीनला आले, पुन्हा पाचला आले, दोन्ही वेळा आई आंघोळीलाच. आमच्याकडे तेव्हा एक दिवसाआड पाणी यायचं, तेही अर्धा तास, करंगळीएवढ्या धारेने. महिन्याभराने जिन्यात एक बाई मला थांबवून म्हणाल्या, "तुमच्या फ्लॅटला वेगळी लाइन आहे का हो? नाही, पाणी बरंच असतं वाटतं तुमच्याकडे."

मी दोन दिवस त्या बाईंकडे बघत नव्हते.

पण माझ्या हुशारीचं शिखर म्हणजे लाल पंचा.

फोन आमच्याकडे नव्हता. अर्ज करून ठेवला होता, तो नंबर कधी लागेल ते देवाला ठाऊक. पण इमारतीच्या समोर, रस्त्यापलीकडे एका लेडीज टेलरचं दुकान होतं आणि त्यात पीसीओ होता. टेलरमास्तर मूळचे उत्तरेकडचे, पण आमच्यापेक्षा जुने नालासोपारकर. मी त्यांच्याशी ठरवून घेतलं. मुलं घरी आली, नीट जेवली, की लेकीने गॅलरीच्या कठड्यावर लाल पंचा टाकायचा. मी बरोबर दीड वाजता कारखान्यातून फोन करणार. मास्तरांनी दुकानातून वर बघायचं आणि मला सांगायचं.

"भाभी, लाल आहे. मी बघितला."

एवढंच. पाच सेकंदांत फोन बंद. ते ऐकेपर्यंत मी डबा उघडत नसे. घास उतरायचाच नाही. फोन अकाउंटंट काकांच्या टेबलावर होता. काका वसईकडचे ख्रिस्ती, नंदाखालला त्यांची वाडी. केळी, नारळ, थोडी फुलं. रोज दीडला ते फोन माझ्याकडे सरकवायचे आणि वहीत डोकं घालून न ऐकल्यासारखं करायचे. एकदा मास्तरांची लाइन लागली नाही तेव्हा तेच माझ्याआधी म्हणाले, "परत लाव बाय, परत लाव."

लाल पंच्याचं यश बघून मी चेकाळले. पाणी आलं तर पिवळी ओढणी. धाकट्याला ताप असेल तर हिरवी पिशवी. मास्तर बिचारे ब्लाउजचं माप घेता घेता सांगायचे, "भाभी, लाल आहे, पिवळा पण आहे, आणि एक निळा पायजमा आहे. निळ्याचा मतलब काय?" निळ्याचा मतलब नवऱ्याचा पायजमा. तो वाळत होता.

खरं सांगू? त्या वर्षांत मला संध्याकाळ फार आवडायची. बसमधून उतरून मी वळणावर आले की गॅलरीत दोन डोकी दिसायची, एक वर, एक कठड्याच्या गजांमधून. मी दारात चप्पल काढायच्या आत दोघांचं एकदम सुरू. हिने त्याचा खाऊ खाल्ला, त्याने हिच्या वहीवर बैल काढला, वर्गात एका मुलीला चक्कर आली, कावळ्याने पोळी नेली. मी पदराने घाम पुसत नुसती हूं हूं करायची. चहा टाकला की धाकटा माझ्या पाठीवर रेलून उभा राहायचा आणि लेक पोळ्यांची कणीक भिजवता भिजवता त्याच्या चुका दुरुस्त करायची. "कावळ्याने नाही, तू टाकलीस." दिवसभर मशीनचा खडखडाट ऐकलेल्या कानांना तो गोंगाट किती गोड लागायचा. पण तेव्हा मी म्हणायची काय? "अरे, जरा गप्प बसा रे!"

तर, फेब्रुवारी संपत आला होता. पाण्याचा दिवस होता आणि पाणी उशिरा आलं. नवरा निघून गेला, मुलं शाळेत गेली आणि मी साडीचा ओचा खोचून पिंप, बादल्या, कळश्या, शेवटी पातेली आणि वाट्यासुद्धा भरल्या. बस गाठायची होती. डबा बांधायचं फडकं ओलं झालं होतं. खुंटीवरचं हाताला लागेल ते फडकं ओढलं, डबा गुंडाळला, पिशवीत कोंबला आणि धावले.

दीड वाजता फोन केला.

"भाभी, आज काही नाही."

"नीट बघा मास्तर."

"नीटच बघितला. रस्त्यावर जाऊन बघितला. लाल नाही, पिवळा नाही, काही नाही."

"वर जाऊन बघता का? मी फोन धरते."

फोन धरून ठेवला. पलीकडून दुकानात आलेल्या कुणा बाईचा आवाज येत होता, रिक्षांचे हॉर्न येत होते. काकांनी लिहिणं थांबवलं. मग मास्तर आले, धापा टाकत.

"भाभी, कुलूप आहे. बाहेरून."

मी रिसीव्हर ठेवला तो जागेवर बसलाच नाही. काकांनी उचलून नीट ठेवला. शेठ बाहेर गेले होते, तेव्हा काकाच म्हणाले, "जा बाय तू. शेठला मी सांगतो. बस बघत बसू नको, टमटम पकड."

मी पिशवी उचलली आणि वालीव नाक्याकडे पळत सुटले. टमटममध्ये सहाच्या जागी नऊ माणसं. मी कोपऱ्यात. डोळ्यांसमोर काय काय येत होतं ते आता लिहीत नाही, तुम्ही आईबाप असाल तर तुम्हाला माहीत आहे. त्यात मधूनच सासूबाईंचा चेहरा. आणि त्याहून लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, मुलांची काळजी करता करता मनाच्या एका कोपऱ्यात मी म्हणत होते, गेली नोकरी. नालायक बाई! स्वतःलाच मी तेव्हा इतक्या शिव्या घातल्या की पुढे सासूबाईंना घालायला काही उरलंच नाही.

नाक पुसायला रुमाल काढायला म्हणून पिशवीत हात घातला. रुमालाऐवजी हाताला डबा लागला. डब्याला गुंडाळलेला लाल पंचा.

दोन मिनिटं मी त्या पंच्याकडे नुसती बघत होते. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं ताई?" मी म्हणाले, "पंचा." ती बाई थोडी सरकून बसली.

म्हणजे लाल पंचा गॅलरीत नव्हता, कारण तो माझ्या मांडीवर होता! अर्धा जीव परत आला. उरलेला अर्धा अडकला कुलपात. पंचा नाही म्हणून टाकला नाही, ठीक. पण मग मुलं कुठे होती?

तिसरा मजला एका दमात चढले. कुलूप होतंच. आमच्या घराच्या किल्ल्या दोन. एक लेकीच्या गळ्यात, एक नवऱ्याच्या खिशात. माझ्याकडे नाही, कारण कुलूप नुसतं दाबलं की लागतं आणि मी येते तेव्हा मुलं घरी असतातच, असा माझा हिशेब. दाराला कान लावला. आत काही नाही. समोरच्या काकू लग्नासाठी गावी गेलेल्या. खाली उतरून शाळेत गेले, दहा मिनिटांचा रस्ता. शिपाई म्हणाला, "दोघं वेळेवर गेली की. मुलीने हात धरला होता भावाचा. रोजच धरते." परत आले. मास्तर दुकानाच्या पायरीवरच उभे होते.

"मास्तर, तुम्ही त्यांना येताना पाहिलंत का?"

"मी पावणेएकला खाना खायला घरी जातो ना, भाभी. सव्वाला शटर उघडतो. त्याच्या आत आले असतील तर मला कसं दिसणार?"

पाऊण ते सव्वा दुकान बंद असतं, हे मला दोन वर्षांत कधी कळलं नव्हतं. दीडला दुकान उघडं असायचं, माझ्या दृष्टीने ते चोवीस तास उघडं.

मास्तरांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "साहेबांना फोन करा." नवऱ्याला. मुंबईला. मी रिसीव्हर उचलला, आणि गोंधळात बोटांनी भलताच, कारखान्याचा नंबर फिरवला. पलीकडे काकांचा आवाज आला तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. "चुकून लागला" असं म्हणणार होते.

"कोण? बाय तूच का?" काका म्हणाले. "अगो, कुठे आहेस तू? तुझी पोरं इथे बसलीयत. केव्हाची. तुला फोन करायचा तर टेलरचा नंबर माझ्याकडे कुठे, तो तुझ्या डोक्यात. मुलगी विचारतेय, आई कुठे गेली."

मास्तर माझ्याकडे बघत होते, त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मी मान हलवली, आहेत म्हणून, आणि रडायला लागले. मास्तरांनी दोन्ही हात वर केले, मग टेबलावर पडलेला कुणाच्या तरी ब्लाउजच्या अस्तराचा तुकडा माझ्यापुढे केला. मी तोंड पुसलं त्याने. कुणा बाईच्या ब्लाउजाला माझे अश्रू लागले असतील तर तिला ते लाभले असोत.

काकांनी फोन लेकीच्या हातात दिला.

"आई," ती म्हणाली. आवाजात धास्ती वगैरे काही नाही. "लाल पंचा कुठे ठेवलास तू?"

"माझ्याकडे आलाय गं, चुकून."

"वस्तू जागच्या जागी ठेवायच्या असतात ना?"

हा नियम क्रमांक सहा. मी मुकाट्याने हो म्हणाले.

"आणि तू आता तिकडे का गेलीस? आम्ही इकडे आलो ना!"

"तिथेच थांबा. हलू नका. मी येते."

"आम्ही कुठे हलतोय? तूच हलतेयस."

वालीवला परत गेले. या वेळी टमटममध्ये किती माणसं होती ते आठवत नाही. वेड्यासारखी हसत असणार मी, कारण माझ्या शेजारी प्रशस्त जागा होती.

ऑफिसात दोघं काकांच्या टेबलाजवळ बसली होती. काकांनी त्यांच्या वाडीतली वाळवलेली केळी, सुकेळी, त्यांच्या पुढ्यात ठेवली होती आणि धाकट्याचे गाल दोन्ही बाजूंनी फुगलेले. मला बघून तो एवढंच म्हणाला, "आई, इथे पंखा मोठा आहे." मी त्याला इतकं घट्ट धरलं की त्याच्या तोंडातलं केळं माझ्या खांद्याला लागलं. लेकीला जवळ घ्यायला गेले तर ती अंग चोरून उभी राहिली. चार बायका मशीन सोडून बघायला आल्या होत्या ना.

मग तिने रीतसर सांगितलं. घरी आलो. हात धुतले. जेवलो. ताटं घासली. पंचा टाकायला गेले तर खुंटी रिकामी. पलंगाखाली बघितलं, दोरीवर बघितलं. आई फोन करेल, मास्तर नाही म्हणतील, आई घाबरेल. म्हणून मास्तरांना सांगायला खाली गेलो तर शटर बंद. नाक्यावरून फोन केला असता, कारखान्याचा नंबर मला पाठ आहे, पण नियम क्रमांक अकरा. काकू गावी. मग तांदळाच्या डब्यातली अडीअडचणीची नोट घेतली आणि बसने आलो. दसऱ्याला मशीनची पूजा असते तेव्हा तू आणलं होतंस ना आम्हाला, तेव्हा रस्ता बघून ठेवला होता. नाक्यावर उतरायचं, हॉटेलच्या बाजूने आत, तिसरं गेट.

"पण एवढ्या लांब एकटं यायचं?" मी म्हणाले. "वालीवला?"

तिने क्षणभर विचार केला. खरोखर विचार केला, दारावरचं ते कॅलेंडर डोळ्यांसमोर आणून. "वालीवला जायचं नाही असा नियम नव्हता," ती म्हणाली.

काका वहीत डोकं घालून हसत होते. खांदे हलत होते त्यांचे.

संध्याकाळी घरी पोचलो. कुलूप उघडलं. स्वयंपाकघरात ओट्यावर पाण्याच्या तांब्याखाली एक चिठ्ठी होती. 'आई, लाल पंचा सापडत नाही. तू घाबरशील म्हणून सांगायला तुझ्याकडे येत आहोत. घाबरू नकोस. गॅस बघितला.' चिठ्ठी घरात आणि कुलूप बाहेर. वाचणार कोण? पोर अगदी माझ्या वळणावर गेली होती.

ती चिठ्ठी मी ब्लाउजमध्ये ठेवली. आणि मग, ऐका मजा, जगातल्या सगळ्यात हुशार बाईने दोघांना समोर बसवून सांगितलं, "हे बघा, बाबांना यातलं काही बोलायचं नाही हं."

"नियम क्रमांक एक," लेक म्हणाली.

धाकट्याने तोंडावर बोट ठेवून दाखवलं. त्याचा भरवसा मला ताटातली कोशिंबीर संपेपर्यंतही नव्हता. नवरा आला, बूट काढायच्या आत मीच सगळं सांगून टाकलं. त्याने ऐकलं. दोघा मुलांना हाताशी ओढून त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग पेपर उचलला, उघडला, मिटला.

"आईला शब्द दिलायस तू," तो म्हणाला. "मे महिन्यात येतेय ती. तूच सांग तिला."

मार्च, एप्रिल मी कामावर गेले ती पाहुण्यासारखी. प्रत्येक खोक्यावरची चिठ्ठी शेवटची समजून चिकटवत होते. काकांच्या समोर बसून मी राजीनामाही लिहिला, एक पान. त्यांनी तो वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि म्हणाले, "सासू आल्याशिवाय देऊ नको बाय. बायका मनातल्या मनात सासवांना फार मोठं करून ठेवतात." मी म्हटलं, तुम्ही बघितलेल्या नाहीत.

मे महिन्यात सासूबाई आल्या. आंब्याची पेटी, कोकमं, फणसाची पोळी. पहिला दिवस मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सगळे घरी असताना मी पदर सारखा करून त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. पंच्यापासून टमटमपर्यंत. त्या आंबा चोखत होत्या. चोखायच्या थांबल्या नाहीत. माझं झाल्यावर कोय ताटलीत ठेवली आणि म्हणाल्या, "पोरीला बोलव."

लेक आली. हात मागे बांधून उभी राहिली.

"रस्त्याने जाताना भावाचा हात सोडलास?"

"नाही. बसमध्ये पण नाही."

"गॅस?"

"बंद होता. तरी बघितला."

"कुलूप?"

"लावलं. मग ओढून बघितलं."

"बसमध्ये कोणी काही विचारलं?"

"कंडक्टरने विचारलं, बरोबर कोण आहे. मी म्हटलं, आई वालीवला उभी आहे."

"खोटं बोललीस?"

"ती असायला हवी होती तिथे," लेक म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. माझं सगळं लक्ष त्यांच्या ओठांकडे. नवऱ्याने पेपर खाली ठेवला होता. हे लग्नानंतर प्रथमच.

"मी काय म्हटलं होतं?" त्या म्हणाल्या. "पोरांचं चुकलं तर नोकरी बंद. यात पोरांचं काय गो चुकलं? चुकलं तुझं. तुझं चुकलं तर नोकरी बंद असं मी म्हटलंच नव्हतं. तसं म्हटलं असतं तर तू पहिल्या आठवड्यातच घरी बसली असतीस."

मग त्या स्वतःच्या मुलाकडे, माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तू काय असा बघतोस? हिच्याएवढा होतास तेव्हा दळणाला पाठवला होता तुला. अर्ध्या वाटेवरून रडत परत आलास, कुत्रा बघून. दळणाचा डबा तिथेच रस्त्यात टाकून."

"आई, मुलांसमोर नको ना..."

"कुत्रा केवढा होता, बाबा?" धाकट्याने विचारलं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. जेवणाची वेळ होत आली होती. आमटीला फोडणी द्यायची होती. जरा जास्तच मोहरी पडली. बाहेर तिघंजण त्या कुत्र्याची उंची ठरवत होते, आणि नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तो वासराएवढा होता. मला हसू येत होतं. दोन महिने मी रोज पोटात दगड घेऊन फिरत होते, तो दगड कुठे गेला ते कळेना.

मागून सासूबाई आल्या. पाट ओढून बसल्या. मी भात लावायला घेतला तर त्यांनी तांदूळ माझ्या हातून काढून घेतले आणि धुवायला लागल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "तिथे तू नेमकं काय गो करतेस?"

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, माहेरच्यांनी नाही. मी सांगायला लागले. आधी दाणे येतात, साखरेसारखे, पोत्यांतून. ते वितळतात. मग साचा मिटतो, उघडतो, आणि एका वेळी आठ झाकणं पडतात, गरम, हातात धरवत नाहीत अशी. आतले आटे नीट आले नाहीत तर बाटली गळते, म्हणून प्रत्येक खोक्यातली थोडी काढून मी स्वतः फिरवून बघते. कुणी सांगितलेलं नाही मला ते. मीच सुरू केलं.

"हं," सासूबाई म्हणाल्या. तांदळातलं पाणी त्यांनी वरच्यावर दुसऱ्या पातेल्यात ओतून ठेवलं. आमच्याकडे पाणी फुकट जायचं नाही, हे त्यांना दोन दिवसांतच कळलं होतं. "आणि मग? भरली खोकी की पुढे कुठे जातात?"

मी सांगत राहिले. भात शिजला, आमटी उकळून निम्मी झाली, तरी मी सांगतच होते.